पहिली पायरी आणि दरमहाचा हप्ता

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





चिटणीस साहेबांनी मला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुले’ असा विषय नेमून दिला आहे. मी संगणकशास्त्राचा जाणकार नाही. माझे सारे आयुष्य बँकेच्या नोकरीत, लोकांच्या पैशांचा हिशेब ठेवण्यात गेले. तेव्हा या विषयाकडे मी हिशेबनिसाच्या नजरेनेच पाहणार आहे. कोणत्याही घराच्या हिशेबाला दोन बाजू असतात, जमा आणि खर्च. या नव्या यंत्राने दोन्ही बाजूंना हात घातला आहे. नोकरी कशी मिळेल हे ते बदलत आहे आणि मिळालेला पैसा कसा जाईल हेही बदलत आहे. या दोन गोष्टींवर बहुधा वेगवेगळी भाषणे होतात. माझ्या मते त्या एकत्रच पाहावयास हव्यात, कारण ज्या पैशाने आपल्या मुलामुलींना नोकरीची पहिली पायरी चढता येईल, तोच पैसा आज कित्येक घरांतून हप्त्याहप्त्याने बाहेर जात आहे.

प्रथम हे यंत्र म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील ओपनएआय या कंपनीने चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले केले आणि तेव्हापासून हा विषय घरोघरी पोचला. अशा यंत्राला पुस्तके, लेख, पत्रव्यवहार, कायदे, संगणकाच्या आज्ञावली असा अफाट मजकूर आधी पुरविलेला असतो. एका शब्दामागून दुसरा कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे त्या मजकुरातून ते शिकते आणि त्या आधारे उत्तर रचते. मराठीत विचारले तर मराठीत आणि उर्दूत विचारले तर उर्दूत उत्तर देते. अर्ज लिहिते, भाषांतर करते, गणित सोडविते, हिशेबाचा तक्ता मांडते. ते चुकतेही, आणि चुकीचे उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच ठामपणे देते. हे शेवटचे वाक्य विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

यंत्र आले की माणसे घरी बसतील ही भीती नवी नाही. मी १९७९ साली बँकेत लेजरवर लागलो. त्या काळी प्रत्येक चेक, प्रत्येक भरणा हाताने खात्यात लिहावा लागे. बचत खात्यावरील व्याज काढण्यासाठी प्रत्येक महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंतची सर्वांत कमी शिल्लक शोधून त्यावर आकडेमोड करावी लागे. जून आणि डिसेंबरच्या अखेरीस हे काम रात्री उशिरापर्यंत चाले. बॅलन्स जुळला नाही तर चार आण्यांच्या फरकासाठी सगळी शाखा लेजर उपसत बसे. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात संगणकाविषयी करार झाला. आपल्या नोकऱ्या जातील अशी धास्ती सर्वांच्या मनात होती, म्हणून यंत्रे किती व कोठे बसवावयाची यावर त्या करारात मर्यादा घालण्यात आल्या. १९८७ साली मुंबईत देशातील पहिले एटीएम आले. पुढे सर्व शाखा एकमेकींना जोडल्या गेल्या. १ एप्रिल २०१० पासून बचत खात्याचे व्याज रोजच्या शिल्लकेवर काढले जाऊ लागले. हाताने हे काम कोणाच्याही आवाक्यातले नव्हते. यंत्राने ते सहज केले आणि त्यात खातेदाराचा फायदाच झाला.

मग नोकऱ्यांचे काय झाले? माझ्या शाखेतील एकाही माणसाला यंत्र आले म्हणून घरी पाठविले गेले नाही. आम्ही सारे नवे काम शिकलो आणि पगारही वाढले. २००० ते २००१ या काळात सरकारी बँकांतील सुमारे एक लाख लोक स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले, पण तेही रक्कम हाती घेऊन. यंत्राची खरी झळ त्यांना लागली नाही. ती लागली आमच्या मागून जे येणार होते त्यांना. आम्ही निवृत्त होत गेलो आणि आमच्या कित्येक खुर्च्या पुन्हा भरल्याच गेल्या नाहीत. ज्याला लेजरवर बसावयाचे होते, त्याच्यासाठी लेजरच उरले नाही. आतला माणूस आत राहिला. दारात उभ्या असलेल्या मुलाला मात्र दार बंद झालेले दिसले. त्याचा मोर्चा निघाला नाही की वर्तमानपत्रात बातमी आली नाही, कारण त्याची नोकरी गेलेली नव्हती. ती त्याला मिळालेलीच नव्हती.

आपल्या समाजाला हा अनुभव परका नाही. मालेगाव-भिवंडीच्या विणकरांना विचारा. हातमागाच्या जागी यंत्रमाग आले तेव्हा ज्यांना चार माग घेता आले ते कारखानदार झाले आणि ज्यांना घेता आले नाहीत ते त्याच मागांवर मजुरी करू लागले. आपल्या तालुक्याच्या गावी एकेकाळी टायपिंगचे क्लास भरून वाहत असत. एस. एस. सी. आणि चाळीस शब्दांचे सर्टिफिकेट एवढ्या शिदोरीवर खाडीपट्ट्यातील मुले मुंबईत कारकून झाली आणि १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले तेव्हा आखाती देशांत टायपिस्ट, स्टोअरकीपर, टाइमकीपर म्हणून गेली. त्या मनिऑर्डरींवर आणि ड्राफ्टांवर गावोगाव घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली आणि आपल्यासारख्या शिक्षणसंस्थांच्या इमारतींनाही त्याच पैशाचा हातभार लागला. पुढे टाइपरायटर गेला आणि क्लासच्या पाट्या उतरल्या. एस. टी. डी. बूथही असेच आले आणि गेले. ३१ जुलै १९९५ रोजी देशात मोबाइलवरून पहिले संभाषण झाले, आणि त्यानंतर पंधरा-वीस वर्षांत नाक्यानाक्यावरचे बूथ दिसेनासे झाले.

मग आताच्या यंत्रात नवे ते काय? आतापर्यंतच्या यंत्रांनी हाताचे आणि आकडेमोडीचे काम घेतले. म्हणून आपण मुलांना सांगत आलो की, बाबा रे, शीक, लिहावयास-वाचावयास शीक, म्हणजे हातावर पोट भरण्याची पाळी येणार नाही. हे यंत्र नेमके लिहिण्या-वाचण्याच्या कामालाच हात घालते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने ऑगस्ट २०२३ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात या यंत्राचा सर्वांत अधिक परिणाम कारकुनी कामावर होईल असे म्हटले आहे. त्या कामांपैकी सुमारे एक चतुर्थांश कामे यंत्राच्या पूर्ण आवाक्यात आहेत आणि निम्म्याहून अधिक कामे काही अंशी. कारकुनी कामात स्त्रियांचे प्रमाण मोठे असल्यामुळे त्यांना याची झळ अधिक पोचेल असेही त्यात सांगितले आहे. आपल्या मुली आता कोठे पदव्या घेऊन कचेऱ्यांच्या दारापर्यंत पोचल्या आहेत. म्हणून मुलींच्या पालकांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी.

बँकेत मी जे पाहिले तेच आता आकड्यांतही दिसू लागले आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अर्थशास्त्रज्ञांनी लक्षावधी नोकरदारांची पगारपत्रके तपासून ऑगस्ट २०२५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. ज्या कामांत हे यंत्र सर्वांत जास्त वापरता येते त्या कामांत २२ ते २५ वर्षे वयाच्या तरुणांचा रोजगार इतरांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घटला, आणि त्याच कामांतील अनुभवी माणसांचा रोजगार टिकून राहिला किंवा वाढला, असे त्यांना आढळले. म्हणजे शिडीच्या वरच्या पायऱ्या शाबूत आहेत, पहिली पायरी झिजते आहे. आपल्या देशात टी. सी. एस. या सर्वांत मोठ्या संगणक-सेवा कंपनीने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्याचे कारण कृत्रिम बुद्धिमत्ता हे नसून, माणसांजवळची कौशल्ये आणि कामाची गरज यांचा मेळ बसत नाही हे आहे, असे कंपनीने सांगितले. कारण कोणतेही असो, मुलाने संगणकाची पदवी घेतली की आपण निश्चिंत झालो असे मानण्याचे दिवस राहिलेले नाहीत.

आखातात जाऊ, असे कोणी म्हणेल. तर तेथील हवाही जाणून घ्यावी. संयुक्त अरब अमिरातीने ऑक्टोबर २०१७ मध्येच कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी स्वतंत्र मंत्री नेमला, आणि असे करणारा तो जगातील पहिला देश ठरला. २०१९ साली अबू धाबीत केवळ या विषयासाठी विद्यापीठ स्थापन झाले. २०२५-२६ च्या शैक्षणिक वर्षापासून तेथील सरकारी शाळांत बालवर्गापासून बारावीपर्यंत हा विषय शिकविण्याचे ठरले. दुबईची मेट्रो तर सप्टेंबर २००९ पासून चालकाविना धावते आहे. सौदी अरेबियाने २०११ पासून आपल्या नागरिकांना नोकऱ्यांत प्राधान्य देणारे नियम कडक केले. ज्या देशांत आपल्या वडिलांच्या पिढीने चाळीस शब्दांच्या सर्टिफिकेटवर प्रवेश मिळविला, तेथे उद्या मागणी कशाची असेल हे यावरून ओळखावे.

हे ऐकून निराश होण्याचे कारण नाही. जागतिक आर्थिक मंचाच्या जानेवारी २०२५ च्या अहवालात असा अंदाज आहे की, २०३० पर्यंत जगात ९ कोटी २० लाख नोकऱ्या नाहीशा होतील आणि १७ कोटी नव्या निर्माण होतील. अंदाज हा अंदाजच असतो. २०१६ साली जेफ्री हिंटन या नामवंत शास्त्रज्ञाने, क्ष-किरण चित्रे वाचणारे डॉक्टर तयार करणे आता थांबवावे, पाच वर्षांत यंत्रच ते काम अधिक चांगले करील, असे सांगितले होते. त्यांना २०२४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले, म्हणजे माणूस लहान नव्हे. परंतु त्या डॉक्टरांची गरज संपलेली नाही. उलट कित्येक देशांत त्यांची टंचाई आहे. चित्र पाहणे हा त्या डॉक्टरांच्या कामाचा एक भाग झाला. निदानाखाली सही करावयाची, रोग्याला समजावून सांगावयाचे आणि चुकले तर उत्तर द्यावयाचे, हे काम यंत्राकडे गेलेले नाही.

यातच कोणते काम टिकेल याचे उत्तर आहे. जे काम केवळ एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरविण्याचे आहे ते जाईल. ज्या कामात जबाबदारी घ्यावी लागते, समोरच्या माणसाचे ऐकून घ्यावे लागते, जागेवर जाऊन हात घालावा लागतो ते राहील. आणि अशा माणसाला यंत्र वापरता येत असेल तर त्याची किंमत वाढेल. संगणकाने जमाखर्चाच्या वह्या संपविल्या, पण १ जुलै २०१७ पासून जी. एस. टी. आला तेव्हा छोट्या गावांतूनही हिशेबाचे जाणकार शोधण्याची वेळ व्यापाऱ्यांवर आली. ज्या मुलाला टॅलीही येत होते आणि कायदाही कळत होता त्याला काम मिळाले. नुसते आकडे भरणाऱ्याला मिळाले नाही. विजेची जोडणी, वातानुकूलन यंत्राची दुरुस्ती, वेल्डिंग, सौर पत्रे बसविणे, रुग्णसेवा, ही कामे पडद्यावर बसून होत नाहीत. आय. टी. आय. म्हणजे नापास मुलांची जागा, ही आपल्या मनातील जुनी समजूत आता टाकून द्यावी. १९६१ च्या कायद्याने कारखान्यांत शिकाऊ उमेदवार घेण्याची आणि त्यांना विद्यावेतन देण्याची तरतूद केलेली आहे. पहिली पायरी झिजत असताना ही शिकाऊ उमेदवारी म्हणजे दुसऱ्या पायरीवर थेट पाय ठेवण्याची संधी आहे. शिकता शिकता कोणाच्या तरी दुकानात, दवाखान्यात, वर्कशॉपमध्ये, हिशेबनिसाच्या कचेरीत दोन तास काम केलेला मुलगा नुसती पदवी घेतलेल्या मुलाच्या पुढे राहील.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याशी दोन शब्द. निबंध यंत्राकडून लिहून घेऊन वहीत उतरविता येतो हे तुम्हांला माहीत आहे आणि तुमच्या शिक्षकांनाही माहीत आहे. पण विचार करा. उतरविण्याचे काम जगातून जात आहे असे मी आताच सांगितले, आणि तुम्ही शाळेतच तेवढे एक काम शिकता आहात! २०२३ साली न्यूयॉर्कमधील दोन वकिलांनी या यंत्राकडून न्यायालयासाठी मजकूर तयार करून घेतला. त्यात पूर्वीच्या निकालांचे दाखले होते. न्यायाधीशांनी शोध घेतला तेव्हा ते खटले कधी झालेच नव्हते असे निघाले. यंत्राने ते रचले होते. दंड मात्र वकिलांना झाला, पाच हजार डॉलर. ज्याला विषय येतो तोच यंत्राची चूक पकडू शकतो. म्हणून आधी स्वतः लिहा, मग यंत्राला दाखवा, आणि माझे कोठे चुकले असे विचारा. ते काय सांगते ते पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहा. गणित अडले तर उत्तर मागू नका, पुढची पायरी विचारा. शिकवणी परवडत नाही अशा घरातील मुलाला हे यंत्र रात्री अकरा वाजताही न रागावता तीच गोष्ट दहा वेळा समजावून सांगेल. श्रीमंताच्या मुलाला जो घरचा शिक्षक मिळत होता, त्याच्या काहीसा जवळ जाणारा आता तुमच्याही हाताशी आहे. जुलै २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या सरकारी व्यवस्थेवर मोठमोठ्या संस्थांतील अध्यापकांचे पाठ विनामूल्य ऐकावयास मिळतात. तेव्हा फोन हातात आहे म्हणून मी तुम्हांला दोष देणार नाही. त्या फोनची शाळा करावयाची की बाजार, एवढे तुम्ही ठरवा.

बाजार म्हटला की हिशेबाची दुसरी बाजू आली. पालकहो, येथून पुढचे बोलणे मुख्यतः आपणांस आहे.

आखातातून सुट्टीवर आलेल्या माणसाच्या खांद्याला ‘टू-इन-वन’ असे, ते दिवस पुष्कळांना आठवत असतील. ती वस्तू रोख पैसे देऊन आणलेली असे आणि पंधरा वर्षे घरात वाजत असे. आजची वस्तू तशी नाही. ती तीन-चार वर्षांत जुनी होते, दरमहा खाणे मागते आणि घरात बसून आणखी वस्तू विकते. आपण कोणत्या चित्रावर किती वेळ थांबलो, काय शोधले, काय टोपलीत टाकून सोडून दिले, याची नोंद ठेवून यंत्र आपल्यासमोर नेमकी तीच वस्तू पुन्हा पुन्हा आणते. पूर्वी दुकानदार शंभर गिऱ्हाइकांना एकच माल दाखवी. आता शंभर गिऱ्हाइकांसमोर शंभर वेगळी दुकाने मांडली जातात. ‘फक्त दोन नग शिल्लक’, ‘दहा मिनिटांत सवलत संपेल’ असे खोटे घाबरविणे, न विचारता टोपलीत एखादी वस्तू टाकणे, सभासदत्व घेणे सोपे आणि सोडणे अवघड करून ठेवणे, अशा तेरा क्लृप्त्यांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी बंदी घातली. सरकारला त्यांची यादी करावी लागली यावरून त्या किती बोकाळल्या होत्या हे कळते.

पैसे देण्याची रीतही बदलली. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यात प्रथमच एक हजार कोटींहून अधिक व्यवहार त्यातून झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तो आकडा दोन हजार कोटींच्या वर गेला. बँकेचा माणूस म्हणून मला याचे कौतुकच आहे. भाजीवाल्या बाईला सुट्ट्या पैशांची अडचण राहिली नाही, आणि तिच्या धंद्याची नोंद बँकेत राहू लागली. पण खिशातून शंभराची नोट काढताना हात जसा क्षणभर थांबतो, तसा बोट टेकविताना थांबत नाही. नोट मोडली की कळते. येथे काही मोडल्याचा आवाजच होत नाही.

त्यापुढे हप्ता. ‘बिनव्याजी हप्ता’ अशा पाट्या आपण पाहतो. व्याज देणे-घेणे टाळू इच्छिणाऱ्या आपल्या घरांना ही पाटी विशेष मोहात पाडते. तर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले की, शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. व्याज वस्तूच्या किमतीत किंवा प्रक्रिया शुल्कात लपविले जाते. दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा, सगळे पैसे आज रोख दिले तर किती घ्याल? दोन रकमांत जो फरक निघेल, त्याला नाव काहीही द्या, ते व्याजच.

मोबाइलवर पाच मिनिटांत मिळणाऱ्या कर्जाविषयीही सावध असावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे असे कर्ज थेट कर्जदाराच्या बँक खात्यात जमा झाले पाहिजे, सर्व आकार धरून वर्षाला किती टक्के पडतील हे आधी लेखी सांगितले पाहिजे, आणि ठरावीक मुदतीत कर्ज परत करून मोकळे होण्याची सोय दिली पाहिजे. यापैकी एखादी गोष्ट दिसली नाही तर तेथून उठावे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली आहे, हे तरुण मुलांना सांगावे. आणखी एक इशारा. आता यंत्र कोणाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल करते. ‘अब्बा, मी अडचणीत आहे, पैसे पाठवा’ असा मुलाच्या आवाजात फोन आला तरी तो ठेवून मुलाच्या नेहमीच्या क्रमांकावर स्वतः फोन करावा. पोलिस फोनवरून कोणाला अटक करीत नाहीत. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

आता एका घराचा हिशेब मांडू. समजा, घरात चार माणसे, चार फोन. प्रत्येक फोन १५ हजारांचा आणि तीन वर्षे टिकणारा. म्हणजे वर्षाला २० हजार रुपये फोनच्या किमतीचे. रिचार्ज माणशी ३०० रुपयांचा धरू. पुष्कळसे रिचार्ज २८ दिवसांचे असतात, म्हणून वर्षात बारा नव्हे, तेरा भरावे लागतात. ही युक्ती लोकांच्या लक्षात आली तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना ३० दिवसांची योजनाही ठेवण्यास सांगितले. तेरा रिचार्ज, चार माणसे, म्हणजे १५ हजार ६०० रुपये. एकूण वर्षाला ३५ हजार ६०० रुपये. यात दूरचित्रवाणी नाही, घड्याळ नाही, कानात घालावयाचे यंत्र नाही की हप्त्यावरचा जादा आकार नाही. हा खर्च बंद करा असे मी म्हणत नाही. फोनशिवाय आज शाळेची सूचनाही मिळत नाही. मी एवढेच विचारतो की, याच घराने मुलांच्या पुस्तकांवर, एखादा हुन्नर शिकण्यावर, परीक्षेच्या शुल्कावर वर्षाला किती खर्च केला? ती रक्कम याच्या निम्मी तरी निघते का?

देशभर हीच दिशा आहे. सरकारच्या पाहणीप्रमाणे १९९९-२००० साली ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात अन्नधान्यादी खाद्यपदार्थांचा वाटा शंभरात सुमारे ५९ होता. २०२२-२३ मध्ये तो सुमारे ४६ वर आला. पोट भरल्यावर हाती थोडा पैसा उरू लागला, ही आनंदाचीच गोष्ट. आपल्या आजोबांच्या हाती तो उरत नव्हता. उरलेला पैसा कोठे जातो यावर त्या घराची पुढची पिढी ठरते, आणि नेमक्या त्याच पैशावर जगातील सर्वांत हुशार यंत्रे डोळा ठेवून आहेत. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे म्हणतात. आता अंथरूणच हप्त्यावर मिळू लागल्यामुळे ते आपले किती आणि दुसऱ्याचे किती, हे कळेनासे झाले आहे.

शेवटी चार गोष्टी सुचवितो. पहिली, प्रत्येक घरात एक वही असावी. यूपीआयने गेलेला पैसाही तीत रोज रात्री लिहावा, आणि ती मुलांनी लिहावी. हिशेब त्यांना शाळेपेक्षा तेथे लवकर कळेल. दुसरी, एका वेळी एकच हप्ता. तो फिटेपर्यंत दुसरा नाही. तिसरी, आपल्या बायका वर्षानुवर्षे भिशी चालवितात, तीत सहसा कोणी बुडत नाही. चार-आठ घरांनी मिळून मुलांच्या शिक्षणाची भिशी सुरू करावी. तिच्यातून फोन घ्यावयाचा नाही. संगणक, अवजारांची पेटी, अभ्यासक्रमाचे शुल्क एवढ्यासाठीच ती उचलावयाची. चौथी सूचना संस्थेला. शाळेतील संगणक संध्याकाळी दोन तास खुले ठेवावेत आणि एका शिक्षकाच्या देखरेखीखाली मुलामुलींना, त्यांच्या आईवडिलांनाही, हे यंत्र विचारपूर्वक वापरण्यास शिकवावे. तसेच गावातील कारागीर, हिशेबनीस, परिचारिका, दुकानदार यांची यादी करून दरवर्षी काही मुलांना त्यांच्याकडे उमेदवारीस लावून द्यावे. इमारतीला लागतो तेवढा पैसा याला लागत नाही.

पालकहो, पहिली पायरी आपल्या मुलांसाठी कोणी राखून ठेवणार नाही. ती झिजण्यापूर्वी मुलाला उचलून दुसऱ्या पायरीवर ठेवण्याइतका पैसा आज आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात येतो. आपल्या वडिलांच्या पिढीजवळ तो नव्हता, तरी त्यांनी पोटाला चिमटा घेऊन आपल्याला शिकविले. आपल्याला पोटाला चिमटा घ्यावयाचा नाही. एखाद्या वेळी खरेदीसाठी पुढे झालेले बोट मागे घ्यावयाचे आहे.